ऊर्ध्व वातावरणातील जेट विमानांचे स्थिर उड्डाण : चंद्रपूर-गडचिरोलीच्या आकाशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

जेट विमाने स्थितांबरातून उडतात, स्थितांबरातील हवा शांत असते आणि म्हणून त्यांचा प्रवास स्थिर असतो, असे विधान भूगोलाच्या अध्यापनात वारंवार केले जाते. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अक्षांशावर मात्र स्थितांबराचा आरंभ सुमारे १६ ते १७ कि.मी. उंचीवर होतो आणि प्रवासी जेट विमाने १० ते १२ कि.मी. उंचीवरून जातात. म्हणजेच या जिल्ह्यांवरून जाणारे विमान तपांबरातच असते आणि तरीही त्याचे उड्डाण बहुतांशी स्थिर असते. प्रस्तुत लेखात या स्थिरतेची कारणे ऐतिहासिक क्रमाने तपासली आहेत. तसेच भारतीय उपखंडातील ऊर्ध्व वातावरणाच्या संशोधनाने ही वस्तुस्थिती कशी उघड केली आणि तिचे या वनप्रदेशाच्या दृष्टीने काय महत्त्व आहे, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : तपांबर, तपस्तब्धी, स्थितांबर, जेट विमान, अभिसरण प्रवाह, चंद्रपूर, गडचिरोली.

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला वर्धा, वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती या नद्यांच्या खोऱ्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनाच्छादित जिल्हे वसलेले आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा सारा प्रदेश एकाच जिल्ह्यात मोडत होता व त्या जिल्ह्याचे जुने नाव चांदा असे होते. या प्रदेशाचा इतिहास गोंड राजवट, जमीनदाऱ्या, जंगल कायदे, कोळशाच्या खाणी आणि आदिवासींचे लढे या अंगांनी लिहिला गेला आहे. तो सर्व इतिहास जमिनीवरचा आहे. या जमिनीवरील आकाशालाही स्वतःचा इतिहास आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

हिवाळ्यातील निरभ्र सकाळी अहेरी, एटापल्ली किंवा मूल परिसरातून वर पाहिले असता पुष्कळदा एखादी पांढरी रेघ आकाश कापीत जाताना दिसते. विमानाच्या इंजिनातून बाहेर पडलेली वाफ अतिशीत हवेत गोठून झालेल्या हिमकणांची ती रेघ असते. नकाशावर दिल्ली ते चेन्नई अशी सरळ रेषा काढल्यास ती चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेजवळून जाते. मुंबई ते कोलकाता ही रेषा गडचिरोलीच्या उत्तर टोकाजवळून आणि नागपूर ते चेन्नई ही रेषा तर जवळजवळ चंद्रपूर शहरावरूनच जाते. प्रत्यक्ष हवाई मार्ग या रेषांपासून थोडेफार ढळलेले असले तरी देशाच्या चारही दिशांना जोडणारी वाहतूक या अरण्याच्या माथ्यावरून होते, हे त्यावरून स्पष्ट होते. त्या विमानातील प्रवाशाच्या हातातील चहाचा पेला सहसा हिंदकळत नाही. त्याच वेळी खाली मे महिन्याच्या दुपारी पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेला असतो, वावटळी उठत असतात आणि घारी पंख न हलवता गिरक्या घेत वर चढत असतात. एकाच प्रदेशावरील हवेची ही दोन रूपे कशी संभवतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) जेट विमाने ऊर्ध्व वातावरणात जाण्यामागील ऐतिहासिक कारणे स्पष्ट करणे.
२) उष्ण कटिबंधातील वातावरणाच्या उभ्या रचनेचा शोध व त्यातील भारतीय संशोधनाचा वाटा विशद करणे.
३) चंद्रपूर-गडचिरोलीच्या आकाशातील उड्डाणाच्या स्थिरतेची खरी कारणे व तिच्या मर्यादा शोधणे.

जेट विमान उंचावर का गेले ?

जेट विमान उंचावर गेले ते हवा शांत असते म्हणून, असा समज रूढ असला तरी इतिहास त्यास दुजोरा देत नाही. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील हवाई दलाच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या फ्रँक व्हिटल या तरुणाने १९२८ मध्ये विमानरचनेच्या भवितव्यावर एक प्रबंध लिहिला. लांबचा पल्ला आणि मोठा वेग ही दोन्ही उद्दिष्टे साधावयाची असतील, तर विमानाने विरळ हवेतूनच उडाले पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन होते. हवा विरळ असली की तिचा विरोध कमी होतो. मात्र पंखा फिरवून पुढे जाणारे पिस्टन इंजिन तेवढ्या विरळ हवेत निष्प्रभ ठरते. या अडचणीवर उपाय म्हणून व्हिटलने १९३० मध्ये झोत इंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि १२ एप्रिल १९३७ रोजी त्याचे इंजिन प्रथम चालले. जर्मनीत हान्स फॉन ओहाईन यांनी स्वतंत्रपणे तयार केलेल्या इंजिनावर हाइन्केल कंपनीचे विमान २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले. जगातील ते पहिले जेट उड्डाण होय.

जेट इंजिन जमिनीलगत फार इंधन खाते. उंचावरील अतिशीत हवेत त्याची कार्यक्षमता वाढते आणि कमी विरोधामुळे तेवढ्याच इंधनात विमान अधिक अंतर कापते. तेव्हा उंची ही जेट विमानाची आर्थिक गरज होती. प्रवाशांना लाभलेली स्थिरता हा या गरजेचा आनुषंगिक परिणाम होता.

या संदर्भात नावांचा गोंधळही लक्षात घेण्याजोगा आहे. १९४० मध्ये अमेरिकेत सेवेत आलेल्या, दाबनियंत्रित कक्ष असलेल्या पहिल्या प्रवासी विमानाला बोइंग कंपनीने ‘स्ट्रॅटोलायनर’ असे नाव दिले. ते विमान उडत असे सुमारे ६ कि.मी. उंचीवर. स्थितांबर त्याच्यापासून बरेच दूर होते. परंतु स्थितांबरातील प्रवास ही कल्पना त्या काळी इतकी आकर्षक ठरली की वस्तुस्थिती काहीही असली तरी ती लोकांच्या मनात रुजली. २ मे १९५२ रोजी ब्रिटिश ‘कॉमेट’ विमानाने लंडन ते जोहान्सबर्ग अशी जगातील पहिली जेट प्रवासी सेवा सुरू केली. हे विमान सुमारे १२ कि.मी. उंचीपर्यंत जात असे. इंग्लंडच्या आकाशात ही उंची बहुधा स्थितांबरात मोडते आणि तेथील लेखकांनी स्थिरतेचे श्रेय स्थितांबराला दिले, यात नवल नाही. प्रश्न निर्माण होतो तो हे स्पष्टीकरण जसेच्या तसे उष्ण कटिबंधात आणल्यामुळे.

वातावरणाच्या थरांचा शोध आणि भारतीय संशोधन

उंच जावे तसतशी हवा थंड होत जाते, हे डोंगर चढणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. ही घट कोठे तरी थांबते, हे मात्र विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत कोणास माहीत नव्हते. फ्रान्समध्ये तेसरां द बोर यांनी स्वयंलेखी उपकरणे बांधलेले २३६ फुगे आकाशात सोडून १९०२ मध्ये असे दाखवून दिले की, साधारण ११ कि.मी. उंचीनंतर तापमान घटणे थांबते. त्याच वर्षी जर्मनीच्या रिचर्ड आसमान यांनीही हाच निष्कर्ष मांडला. खालचा थर तपांबर, वरचा स्थितांबर आणि त्यांच्यामधील सीमा तपस्तब्धी, अशी परिभाषा मराठीत रूढ झाली आहे. तपांबरात खालची हवा तापून वर चढते व वरची थंड हवा खाली येते, म्हणजे हवेची उभी घुसळण चालू राहते. स्थितांबरात वर जावे तसे तापमान स्थिर राहते किंवा वाढते. त्यामुळे तेथे वर ढकलली गेलेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा थंड व जड ठरते आणि पुन्हा खाली येते. उभी घुसळण तेथे तग धरीत नाही.

युरोपात आढळलेली ११ कि.मी. ही सीमा साऱ्या पृथ्वीला लागू आहे काय, हा पुढचा प्रश्न होता. १९०८ मध्ये आर्थर बेर्झोन यांच्या मोहिमेने पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर परिसरात फुगे सोडले, तेव्हा विषुववृत्तावर ही सीमा पुष्कळच वर असल्याचे दिसले. भारतात हे काम नेटाने सुरू झाले ते आग्रा येथे. भारतीय हवामान खात्याने १९१४ मध्ये तेथे जे. एच. फील्ड यांच्या देखरेखीखाली ऊर्ध्व वातावरणाची वेधशाळा स्थापन केली. योगायोग असा की, ई. एच. हँकिन हा जंतुशास्त्रज्ञ त्याच आग्रा शहरात घारी व गिधाडे यांच्या उड्डाणांची निरीक्षणे करीत होता. ऊन चढू लागले की आधी हलक्या घारी व नंतर जड गिधाडे पंख न हलवता तरंगू लागतात, याची त्याने बारकाईने नोंद केली. खालच्या हवेचे निरीक्षण पक्ष्यांच्या साहाय्याने आणि वरच्या हवेचे निरीक्षण फुग्यांच्या साहाय्याने, असे दोन्ही प्रकारचे काम एकाच शहरात झाले.

फुग्यांच्या या पद्धतीत एक मोठी अडचण होती. हायड्रोजनने भरलेला फुगा उंचावर फुटे आणि त्याला बांधलेले हलके उपकरण दूर कोठे तरी शेतात अथवा रानात पडे. तापमान व दाब यांची नोंद धातूच्या लहानशा पत्र्यावर ओरखड्यांच्या रूपात होत असे. ते उपकरण हाती येईपर्यंत निरीक्षण व्यर्थ होते. म्हणून ते आणून देणाऱ्यास बक्षीस देण्याची प्रथा होती. ऊर्ध्व वातावरणाच्या ज्ञानात अशा अनाम ग्रामस्थांचाही वाटा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

१९२५ मध्ये हवामान खात्यात रुजू झालेले के. आर. रामनाथन (१८९३-१९८४) यांनी भारतातील व इतरत्रची निरीक्षणे एकत्र करून पृथ्वीवरील सुमारे २५ कि.मी. उंचीपर्यंतच्या तापमानाचे चित्र १९२९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यातून असे स्पष्ट झाले की, तपस्तब्धी ध्रुवांकडे ८-९ कि.मी. इतकी खाली असते व विषुववृत्ताकडे ती १६-१७ कि.मी. किंवा त्याहूनही वर जाते. वातावरणाच्या या पट्ट्यातील सर्वांत थंड हवा ध्रुवांवर नसून उष्ण कटिबंधावर, उणे ८० अंशांच्या आसपास आढळते, हेही त्यातून पुढे आले. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यास आले होते. पुढे १९४० च्या दशकात एस. पी. वेंकटेश्वरन यांनी पुण्यात रेडिओसाँड विकसित केले. फुग्याबरोबर जाणारे हे उपकरण आपल्या नोंदी बिनतारी संदेशाने खाली पाठवीत असल्यामुळे ते शोधत बसण्याची गरज उरली नाही. नागपूर येथूनही असे फुगे सोडले जातात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वरच्या हवेची माहिती मुख्यतः त्याच निरीक्षणांतून मिळते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या आकाशाचा उभा छेद

हे दोन्ही जिल्हे साधारण १८.५ ते २१ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान येतात. येथील तपस्तब्धी १६ ते १७ कि.मी. उंचीवर असते. प्रवासी विमाने १० ते १२ कि.मी. उंचीवरून जातात. दोहोंमध्ये किमान ४ कि.मी. अंतर उरते. सबब येथील स्थिरतेचे श्रेय स्थितांबराला देता येत नाही. मग ती कोठून येते, हे समजण्यासाठी खालून वर असे तीन भाग विचारात घ्यावे लागतात.

पहिला भाग जमिनीलगतच्या हवेचा. हवा सूर्यकिरणांनी थेट फारशी तापत नाही. ती तापलेल्या जमिनीमुळे तापते. चंद्रपूर परिसरात घुग्घूस, बल्लारपूर, दुर्गापूर येथील उघड्या खाणी व कातळ, नद्यांची वाळवंटे, भाताच्या कापणीनंतरची उघडी बांधी आणि त्यांना लागून दाट जंगल, असे भिन्न प्रकारचे पृष्ठभाग शेजारी शेजारी आहेत. त्यातही सागाचे जंगल उन्हाळ्यात पानझडीमुळे उघडे पडते. हे पृष्ठभाग कमी-अधिक प्रमाणात तापल्याने कोठे हवेचे स्तंभ जोराने वर चढतात, तर शेजारीच हवा खाली बसते. उन्हाळ्याच्या दुपारी ही घुसळण ३ ते ४ कि.मी. उंचीपर्यंत पोहोचते. विमान अशा हवेतून जात असता एकदा वर उचलले जाते व लगेच खाली दबले जाते. लोक ज्याला ‘हवेचा खड्डा’ म्हणतात तो असा खाली येणारा प्रवाह असतो. तेथे हवा नसते, असे मुळीच नाही. सूर्यास्तानंतर जमीन थंड होते आणि ही घुसळण ओसरते.

दुसरा भाग ४ कि.मी. पासून विमानाच्या उंचीपर्यंतचा. येथे जमिनीच्या उष्णतेचा थेट प्रभाव पोहोचत नाही. कोरडी हवा वर ढकलली गेल्यास दर कि.मी.ला जवळजवळ १० अंशांनी थंड होते, तर भोवतालचे तापमान साधारण ६ ते ८ अंशांनीच घटते. त्यामुळे वर गेलेली हवा भोवतालपेक्षा जड होऊन परत फिरते. ही स्थिरता स्थितांबराइतकी दृढ नसली तरी साध्या दिवशी ती पुरेशी ठरते. शिवाय पाण्याची वाफ बहुतांशी खालच्या थरांतच असते. वर ती अत्यल्प उरते आणि वाफ नसेल तेथे ढगांना बळ मिळत नाही. १२ कि.मी. उंचीवरील तापमान येथे उणे ५० अंशांच्या आसपास असते.

तिसरा भाग विमानाच्याही वरचा, तपस्तब्धीपर्यंतचा. येथेच या प्रदेशाचे वेगळेपण दिसते. युरोपात ढगांची छपरे ११ कि.मी.च्या आसपास तपस्तब्धीला टेकतात आणि विमान बहुधा त्यांच्या वरून जाऊ शकते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या वेळी किंवा पावसाळ्यात उठणारे गर्जन्मेघ १५-१६ कि.मी.पर्यंत चढू शकतात, कारण त्यांना अडविणारी सीमाच तेवढी वर आहे. अशा ढगावरून प्रवासी विमान जाऊ शकत नाही. त्याला वळसा घालावाच लागतो. म्हणून येथील स्थिर उड्डाणाचा काही भाग निसर्गाने दिलेला आहे, तर काही भाग वैमानिकाच्या नाकासमोरील रडारने, नागपूरच्या डॉप्लर रडारने आणि हवाई वाहतूक नियंत्रकाने मिळवून दिलेला आहे.

चांद्यावरून जाणारी विमाने : डाकोटा ते जेट

स्वतंत्र भारतातील हवाई वाहतुकीचा इतिहास या प्रदेशाच्या माथ्यावर एकेका थराने वर चढत गेलेला दिसतो. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या या योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. मद्रास-नागपूर मार्गावरील विमान अर्थातच चांदा जिल्ह्यावरून जात असे.

या सेवेतील डाकोटा विमानांत दाबनियंत्रण नव्हते. त्यामुळे ती साधारण ३ कि.मी.च्या आतबाहेर उडत. म्हणजे उन्हाळ्यातील दिवसा ज्या थरात सर्वाधिक घुसळण असते, नेमक्या त्याच थरातून त्यांचा मार्ग होता. टपाल सकाळी हाती पडावे म्हणून वेळ रात्रीची ठरली होती. परंतु तिचा एक लाभ असा की, जमीन निवालेली असल्याने उष्णतेचे प्रवाह रात्री थंडावलेले असत. वळवाच्या ढगांचा धोका मात्र रात्रीही टळत नसे.

१९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे दाबनियंत्रित कक्षाची व्हायकाउंट विमाने आली आणि देशांतर्गत प्रवास घुसळणीच्या थरावर गेला. फेब्रुवारी १९६० मध्ये एअर इंडियाचे पहिले बोइंग ७०७ विमान भारतात आले. १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सने कॅराव्हेल ही जेट विमाने सेवेत आणली आणि देशांतर्गत मार्गांवर १० कि.मी. उंचीचा प्रवास सुरू झाला. १९८९ मध्ये एअरबस ए-३२० विमाने दाखल झाली. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या आकाशात वरच्या पातळ्यांवरील विमानांमधील उभे अंतर २००० फुटांवरून १००० फुटांवर आणण्यात आले. परिणामी खळबळ जाणवल्यास थोडे वर किंवा खाली सरकण्यासाठी अधिक पातळ्या उपलब्ध झाल्या. तीस-चाळीस वर्षांच्या काळात विमानांचा मार्ग अशा रीतीने उष्ण हवेच्या थरातून वर निघून गेला.

विमानाची रचना आणि हवेचा धक्का

स्थिरतेचे सर्व श्रेय हवेला देणेही योग्य होणार नाही. एकाच झोताचा धक्का निरनिराळ्या विमानांना निरनिराळा जाणवतो. ढोबळमानाने हा धक्का हवेची घनता व विमानाचा वेग यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि पंखभाराच्या व्यस्त प्रमाणात असतो. पंखभार म्हणजे पंखांच्या दर चौरस मीटरवर येणारे विमानाचे वजन. पूर्ण भार असलेल्या डाकोटाचा पंखभार सुमारे १२५ कि.ग्रॅ., तर ए-३२० विमानाचा ६०० कि.ग्रॅ.हून अधिक असतो. हवेची घनता अडीच कि.मी. उंचीवर दर घनमीटरला सुमारे ०.९६ कि.ग्रॅ. आणि ११ कि.मी. उंचीवर सुमारे ०.३६ कि.ग्रॅ. इतकी असते. वेग डाकोटाचा सेकंदाला सुमारे ८३ मीटर व जेट विमानाचा सुमारे २३० मीटर धरल्यास, सारख्याच झोताचा जेट विमानाला बसणारा धक्का डाकोटाच्या तुलनेत साडेचार पटींनी कमी येतो.

वेग जवळजवळ तिप्पट असूनही धक्का कमी बसतो, कारण हवा विरळ आहे आणि पंखभार जड आहे. पंखांच्या आकारामुळे या हिशेबात थोडाफार फरक पडतो, पण निष्कर्ष बदलत नाही. मागे झुकलेले पंख हा धक्का आणखी सौम्य करतात. येथेही विरळ हवा व वेगासाठी केलेली रचना यांचाच लाभ स्थिरतेला मिळाला, हे ध्यानात येते.

स्थिरतेच्या मर्यादा

ऊर्ध्व वातावरणातील शांतता सर्वकाळ गृहीत धरता येत नाही, हे इतिहासाने लवकरच दाखवून दिले. कॉमेटची सेवा सुरू होऊन बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, म्हणजे २ मे १९५३ रोजी, कलकत्त्याच्या दमदम विमानतळावरून दिल्लीकडे निघालेले कॉमेट विमान काही मिनिटांतच वादळी ढगांत सापडून मोडले आणि त्यातील सर्व ४३ जणांचा मृत्यू झाला. बंगालमध्ये ज्याला कालवैशाखी म्हणतात तेच हे वादळ. विदर्भातील वळीव हा त्याच ऋतूतील, त्याच जातीचा प्रकार आहे. शांत थरात पोहोचण्यासाठी प्रत्येक जेट विमानाला अशांत थरातूनच चढावे लागते, हा या दुर्घटनेचा धडा होय.

दुसरी मर्यादा वरच्या वाऱ्यांची आहे. जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुग्यांच्या साहाय्याने अतिवेगवान पश्चिमी वाऱ्यांची नोंद केली होती. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उडणाऱ्या अमेरिकी विमानांना त्यांचा प्रत्यक्ष अनुभव आला. या वाऱ्यांना जेट प्रवाह म्हणतात. जेट विमानाशी त्यांचे नामसाम्य असले तरी दोन्ही बाबी वेगळ्या आहेत. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ कि.मी. उंचीवरून असा पश्चिमी प्रवाह वाहतो व त्याची दक्षिण कड कधी कधी मध्य भारतापर्यंत येते. वेगवान व संथ वाऱ्यांच्या सीमेवर निरभ्र आकाशातही खळबळ माजते. ती रडारवर दिसत नाही. पावसाळ्यात याउलट पूर्वेकडून येणारा जेट प्रवाह दक्षिण भारतावर वाहतो. त्याचे स्वरूप पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये विशद केले. तो १४ ते १६ कि.मी. उंचीवर असल्याने प्रवासी विमाने सामान्यतः त्याच्या खालून जातात.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरकडे जाणाऱ्या विमानाला म्यानमारवर ३७,००० फूट उंचीवर तीव्र हादरे बसले. त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला व अनेक जण जखमी झाले. उष्ण कटिबंधातील ढगांचा प्रदेश आणि जेट विमानाची उंची यांत अंतर नसते, याची ही अलीकडील साक्ष आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरील एका ठिकाणी तीव्र स्वरूपाच्या निरभ्र खळबळीचा वार्षिक कालावधी १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढला. तापणाऱ्या पृथ्वीवर ही स्थिरता कायम राहील, असे गृहीत धरता येत नाही.

खालचे आकाश

या विवेचनाचा चंद्रपूर-गडचिरोलीतील माणसाशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होणे स्वाभाविक आहे. १० कि.मी. उंचीवरील शांत थर या जिल्ह्यांच्या माथ्यावर असला तरी तो वापरणारा प्रवासी बहुधा दुसऱ्याच प्रदेशाचा असतो. या प्रदेशाला स्वतःच्या गरजेसाठी जे आकाश वापरावे लागते ते खालचे, म्हणजे घुसळणीचे आकाश आहे. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. दुर्गम भागातील रुग्ण वा जखमी जवान यांना हलविणे, निवडणुकीच्या वेळी मतदान पथके पोहोचविणे ही कामे येथे हेलिकॉप्टरने करावी लागली आहेत. हेलिकॉप्टर जमिनीपासून एखाद-दोन कि.मी.च्या आतच उडते.

गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघात २०१९ मध्ये ११ एप्रिल रोजी आणि २०२४ मध्ये १९ एप्रिल रोजी मतदान झाले. दोन्ही वेळा उन्हाळा तापू लागलेला होता. हवा १५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापली की तिची घनता सुमारे १० टक्क्यांनी घटते. परिणामी हेलिकॉप्टरच्या पात्यांना मिळणारा आधार व इंजिनाची शक्ती दोन्ही कमी होतात आणि त्याच वेळी हवेची घुसळण सर्वाधिक असते. विरळ हवा वरच्या जेट विमानाला लाभदायक ठरते. तीच विरळता खालच्या हेलिकॉप्टरला अडचणीची ठरते. म्हणून सकाळचे उड्डाण व दुपारचे उड्डाण यांतील फरक या भागात केवळ सोयीचा नसतो. एखाद्या रुग्णाच्या बाबतीत तो जीवनमरणाचाही असू शकतो. हवाई टपालाच्या डाकोटांनी रात्री अनुभवलेला आणि हँकिनने आग्र्याच्या गिधाडांवरून टिपलेला नियम आजच्या भामरागडच्या आकाशालाही तितकाच लागू आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) जेट विमाने वेग व इंधनाची बचत यांसाठी ऊर्ध्व वातावरणात गेली. प्रवासातील स्थिरता हा त्याचा आनुषंगिक लाभ होता.
२) चंद्रपूर-गडचिरोलीवरून जाणारी विमाने तपांबराच्या वरच्या भागातून जातात. स्थितांबर त्यांच्याही किमान ४ कि.मी. वर असते. ही वस्तुस्थिती भारतात झालेल्या संशोधनातून १९२९ पर्यंत स्पष्ट झाली होती.
३) येथील स्थिर उड्डाणाची प्रमुख कारणे म्हणजे तापलेल्या जमिनीपासूनचे अंतर, वाफेची अल्पता, हवेची विरळता, विमानाचा मोठा पंखभार आणि ढगांना वळसा घालण्याची व्यवस्था ही होत.
४) ही स्थिरता ऋतुसापेक्ष आहे. वळवाचे व पावसाळ्याचे ढग तसेच हिवाळ्यातील जेट प्रवाह तिला बाधा आणतात.
५) या जिल्ह्यांच्या स्वतःच्या गरजेचे उड्डाण खालच्या, अस्थिर थरात होते. त्या थराचा स्थानिक अभ्यास वरच्या थराच्या अभ्यासाइतकाच आवश्यक आहे.

परदेशी अक्षांशावर खरे असलेले स्पष्टीकरण आपल्या अक्षांशावर तपासून न घेता शिकविले गेले, तर विद्यार्थ्याला आपल्याच डोक्यावरचे आकाश अपरिचित राहते. मूल किंवा अहेरीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यास पांढरी रेघ दाखवून ती कोणत्या थरात आहे, असे विचारले असता ‘स्थितांबरात’ हे उत्तर अपेक्षित धरण्याऐवजी, नागपूरच्या फुग्याची त्या दिवशीची नोंद त्याच्या हाती देऊन तपस्तब्धी कोठे आहे हे त्यालाच शोधावयास लावणे अधिक श्रेयस्कर ठरेल. रामनाथन यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी केले ते याच स्वरूपाचे काम होते.